दिलेले झाड वाया जाऊ नये

(श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धार-कार्यात देवळामागील पडवीचे लाकूडकाम सुरू होण्यापूर्वी सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जीर्णोद्धाराच्या देणग्यांची यादी सभामंडपाच्या भिंतीवर लावलेली आहे. तीत रकमा आहेत, सिमेंटच्या गोणी आहेत, श्रमदानाचे दिवस आहेत. त्याच यादीत एक नोंद अशी आहे की तिच्यापुढे रुपयांचा आकडा नाही. 'परसातील फणस, नग एक', एवढीच ती नोंद. हे झाड देणारी माऊली आता वयाने थकलेली आहे. ती लग्न होऊन गावात आली त्या वर्षी तिच्या सासऱ्यांनी ते रोप लावले होते. कमिटीची मंडळी झाड पाहावयास गेली तेव्हा तिने सर्वांना चहा दिला, झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला आणि एवढेच म्हणाली, "झाड देवाला दिलं, बाबांनो. पण वाया घालवू नका."

आजचे सांगणे म्हणजे या एका वाक्याला द्यावयाचे उत्तर होय. रुपया वाया गेला तर तो पुन्हा जमवता येतो. पन्नास वर्षांचे झाड चुकीच्या जागी कापले गेले तर ते पुन्हा मिळण्यास पन्नास वर्षेच लागतात. म्हणून कुऱ्हाड लावण्यापूर्वी दिलेले झाड कोठे कोठे वाया जाऊ शकते, हे सर्वांनी एकदा नीट समजून घेतलेले बरे.

देवळामागे बांधावयाची पडवी फार मोठी नाही. लांबी २४ फूट, रुंदी १२ फूट, आठ-आठ फुटांचे तीन खण. एका खणात पालखी व उत्सवाचे सामान, दुसऱ्यात समाराधनेची भांडी, तिसऱ्यात शिधा. ती लोखंडी पाइप आणि पत्र्यात करावी अशीही सूचना आली होती. ती सूचना करणाऱ्यांचे काही चुकले नाही. पत्र्याचे काम आठ दिवसांत उभे राहते आणि लाकडाला वेळ लागतो. परंतु गावाने झाडे दिलेली आहेत, पंचक्रोशीत जुन्या हाताचे सुतार अद्याप आहेत, आणि लाकडी सांगाड्याचा एक मोठा गुण असा की त्याचा जो भाग बिघडेल तेवढाच काढून नवा बसविता येतो. या तीन गोष्टी ध्यानात घेऊन लाकडाचा निर्णय झाला. आता तो निभावून नेणे आले.

जुनी पडवी उतरविली तेव्हा एक गोष्ट सर्वांच्या नजरेस आली. वरच्या तुळया, आढे आणि खांबांचे वरचे भाग ठणठणीत निघाले. वाकसाने चार ढलप्या काढताच आतून पिवळसर तांबूस गाभा दिसला. कुजले होते ते फक्त खांबांचे पाय, खालचे वीतभर. कारण शोधावयास लांब जावे लागले नाही. मुळात ते खांब दगडी तळखड्यावर उभे होते आणि तळखडा जमिनीच्या वर होता. पुढे कधीतरी जमीन स्वच्छ राहावी या चांगल्या हेतूने सिमेंटचा कोबा घातला गेला. तो खांबांच्या पायांभोवती चढला आणि तळखडे त्याखाली गाडले गेले. पावसाळ्यात खाली शिरलेले पाणी कोब्याने धरून ठेवले, लाकडाला वाळण्यास वाव उरला नाही. ज्यांनी कोबा घातला त्यांनीही तो भक्तीनेच घातला होता. तथापि लाकडाला भक्ती आणि निष्काळजीपणा यांतील फरक कळत नाही, त्याला फक्त ओल आणि वारा कळतो.

झाड वाया जाण्याची पहिली जागा म्हणजे तोड. येथे प्रथम कायद्याचा विषय येतो. महाराष्ट्रात झाडे तोडण्यासंबंधीचा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत फणस, आंबा, ऐन, किंजळ, साग, खैर, जांभूळ ही कोकणातील नित्याची झाडे येतात. झाड स्वतःच्या परसात असले तरी ते तोडण्यापूर्वी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. लाकूड एका जागेहून दुसऱ्या जागी न्यावयाचे असेल तर वाहतुकीच्या पासाचीही चौकशी आधी करावी. देवाचे काम म्हणून यातून सूट आहे, असे कोणी समजू नये. देवाचे काम आहे म्हणूनच ते कागदोपत्री स्वच्छ असले पाहिजे.

त्यानंतर कोणते झाड कशास, याचा विचार. फणसाचा गाभा टिकाऊ असतो, वाळवी त्याला सहसा लागत नाही. तो खांबांना आणि तुळयांना उत्तम. ऐन जड आणि बळकट, पण वाळताना तडकतो, म्हणून त्याला सावलीत सावकाश वाळवावे लागते. किंजळ ओलीत टिकणारे लाकूड. शिवण हलके आणि न वाकणारे, दारांना चांगले. आंबा मात्र बांधकामाचे लाकूड नव्हे. त्याला बुरशी आणि भुंगा लवकर लागतो. ज्यांनी श्रद्धेने आंबा दिला आहे त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. त्याच्या फळ्या कोब्याच्या व चौथऱ्याच्या साच्यांना आणि पहाडाला लागणार आहेतच. वाशांना जुन्या माडाचे बाहेरचे कठीण लाकूड आणि रिपांना पोफळ, ही कोकणची जुनी रीत अजूनही खोटी ठरलेली नाही.

तोड पावसाळा सरल्यावर करावी. वद्य पक्षात तोडावे असे जुनी माणसे सांगत आणि ज्यांना ते पाळावयाचे त्यांनी अवश्य पाळावे. परंतु ऋतूचा हिशेब सर्वांनीच पाळला पाहिजे. कार्तिकापासून पुढे हवा कोरडी असते, बुरशीला लागणारी ओल हवेत नसते, ओंडका ओढण्यास वाट सुकलेली असते. झाड पडावयाच्या जागी आधी फांद्यांचा बिछाना करावा. कातळावर आपटलेला फणस वरून चांगला दिसतो आणि आतल्या आत तडकलेला असतो. ते कळते तेव्हा करवत अर्ध्यावर आलेली असते.

खरे नुकसान मात्र झाड आडवे झाल्यानंतरच्या पहिल्या तासात होते. गाडीत मावावा म्हणून लांब ओंडका मधोमध तोडला जातो. मग तेरा फुटांच्या तुळईसाठी लाकूड उरत नाही आणि गावात फणस असून बाजारातून तुळई आणावी लागते. म्हणून मापांची यादी हातात असल्याखेरीज कोणीही आडवी चीर घालू नये. पडवीची यादी अशी आहे: ६ इंची चौरस, ९ फुटी खांब आठ, ५ इंच रुंद व ८ इंच उंच अशा १३ फुटी आडव्या तुळया चार, लांबीच्या दोन्ही बाजूंना खांबांवरून जाणाऱ्या ५ बाय ६ इंची, २५ फूट भरणाऱ्या दोन ओळी, आणि ४ बाय ६ इंची आढे, तेही २५ फूट. यांची बेरीज सुमारे ४७ घनफूट होते. आढ्याखालचे आखूड खांब आणि तिरके टेकू धरून ५० घनफूट समजावे.

एवढे लाकूड किती ओंडक्यांतून निघेल? जुने सुतार ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर घेत, त्याचा चौथा भाग काढत, त्याचा वर्ग करून लांबीने गुणत. चार फूट घेराचा दहा फुटी ओंडका या रीतीने १० घनफूट भरतो. प्रत्यक्ष गोल लाकूड त्यात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास असते. कापताना बाजूचे पाखे आणि भुसा जाणार, हे त्या जुन्या हिशेबात काही अंशी आधीच वजा केलेले असते. तथापि चौरस, निर्दोष गाभा हवा असेल तर गोल लाकडाचा निम्मा भाग हाती आला तरी समाधान मानावे. म्हणजे ५० घनफुटांसाठी अशा आठ ओंडक्यांची बेगमी पाहिजे, आणि त्यांतील काही ओंडके तुळयांसाठी चांगले लांब पाहिजेत. एकट्या माऊलीच्या फणसात हे भागणार नाही. म्हणून आणखी झाडांचे आवाहन कमिटीने केले आहे.

दुसरी जागा म्हणजे कापणी. पूर्वी ओंडका उंच घोडीवर चढवीत किंवा खड्ड्यावर आडवा ठेवीत. एक करवत्या वर उभा, दुसरा खाली. गेरूत भिजवलेले सूत ताणून टिचकी मारली की सरळ रेघ उठे आणि त्या रेघेवरून दोघे दिवसभर करवत ओढीत. खालच्या माणसाच्या डोळ्यांत भुसा जाई, म्हणून तो डोक्याला फडके बांधून मान खाली ठेवी. वरच्याने रेघ सांभाळावयाची आणि खालच्याने त्याच्यावर विश्वास ठेवावयाचा. अशा जोड्या आता क्वचितच दिसतात. आज सॉ मिलची पट्टा करवत आहे, किंवा इंजिनाच्या साखळी करवतीला चौकट लावून झाडाच्या जागीच कापता येते. फिरते यंत्र आणावयाचे असल्यास वनखात्याला आधी विचारून घ्यावे.

यंत्र निवडताना भाड्याइतकाच चिरेचाही विचार करावा. साखळी करवतीची चीर तीन सुतांच्या आसपास जाड असते, पट्टा करवतीची सुमारे एक सूत. इंची फळ्या पाडताना साखळी करवतीच्या दर आठ चिरांमागे तीन फळ्यांइतके लाकूड भुशात जाते. पट्टा करवतीने एकच जाते. खांब-तुळयांना चिरा थोड्या, म्हणून ते जागच्या जागी साखळी करवतीने कापले तरी चालेल. फळ्यांसाठी मात्र ओंडका सॉ मिलवर नेण्याचे भाडे वसूल होते.

ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाकडे पाहिले की बाहेरचे फिके लाकूड आणि आतला गडद गाभा वेगळा दिसतो. भुंग्याचे अन्न त्या बाहेरच्या फिक्या लाकडात असते. तो भाग मापात धरून खांब जाड दाखविणे म्हणजे किडीला आमंत्रण देणे होय. ६ इंची चौरस खांब पूर्ण गाभ्याचा हवा असेल तर गाभाच साडेआठ इंच व्यासाचा असला पाहिजे, कारण चौरसाचा कर्ण तेवढा भरतो. ज्या झाडात तेवढा गाभा नसेल त्याचा ५ इंची खांब करावा. तो ६ इंची फिक्या खांबापेक्षा अधिक वर्षे उभा राहील. आणखी एक गोष्ट. झाडाची वलये जेथून सुरू होतात तो मधला बिंदू खांबात अगदी मध्यावर ठेवावा. खांबाला बाहेरून भेगा पडतील पण तो सरळ राहील. फळीत मात्र तो बिंदू येऊ देऊ नये, नाहीतर फळी तेथेच फाटते.

तिसरी जागा वाळवण्याची. उत्साही गावात सर्वांत अधिक लाकूड येथेच बिघडते, कारण उत्सवाची तारीख ठरलेली असते आणि लाकूड तारीख पाळत नाही. नुकत्याच तोडलेल्या लाकडातले पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याहूनही अधिक असू शकते. ते पाणी उतरत उतरत ३० टक्क्यांच्या खाली आले की लाकूड आकसू लागते. लांबीत ते जवळजवळ आकसत नाही. वलयांच्या दिशेने मात्र, मधल्या बिंदूकडून बाहेर जाणाऱ्या दिशेच्या मानाने साधारण दुप्पट आकसते. भेगा, पीळ आणि वाकणे हे सगळे या कमी-जास्त आकसण्यातून उद्भवते. पाणी २० टक्क्यांच्या खाली आले आणि खालीच राहिले तर कुजविणारी बुरशी त्यात वाढत नाही.

म्हणून कापलेले लाकूड जमिनीपासून हात-दीड हात उंच, सावलीत, पण वारा खेळेल अशा जागी रचावे. दोन थरांमध्ये एकाच जाडीच्या पट्ट्या घालाव्यात आणि त्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत एकाखाली एक याव्यात. त्या मागेपुढे झाल्या तर फळ्या तशाच वाकतात. टोकांतून पाणी सर्वांत लवकर उडते आणि टोके फाटतात, म्हणून टोकांना शेणमातीचा दाट लेप किंवा डांबर लावावे. रासेवर दगडांचे वजन ठेवावे. फळी वाळली की नाही, हे कळण्याची युक्ती सोपी आहे. एका फळीवर खूण करून ती दर पंधरा दिवसांनी दुकानातल्या काट्यावर ठेवावी. वजन उतरणे थांबले की ती हवेइतकी वाळली. सहा इंची खांब आतपर्यंत वाळण्यास मात्र काही वर्षे लागतात. तेवढे थांबणे शक्य नाही, म्हणून जुने सुतार खांब-तुळया थोड्या ओल्या असतानाच घडवीत आणि पुढे आकसण्याची जागा सांध्यात ठेवीत. खुंट्या मात्र पुरत्या वाळलेल्याच घेत. दारे व फळ्या यांबाबतीत कोणतीही सवलत नाही. त्या पूर्ण वाळल्याखेरीज लावू नयेत.

चौथी जागा सांध्याची. खांबाच्या डोक्यावर कुसू काढावयाचे, तुळईच्या पोटात त्याच मापाचे भोक पाडावयाचे, दोन्ही बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकावयाची, हा सांगाड्याचा मूळ सांधा होय. त्यात एक बारकावा आहे. कुसवातले खुंटीचे भोक तुळईतल्या भोकाशी तंतोतंत जुळवावयाचे नसते. ते कुसवाच्या खांद्याकडे अर्धा सूत सरकवून पाडतात. मग निमुळती खुंटी ठोकताना ती कुसवाला ओढून घेते आणि सांधा आवळला जातो. पुढे लाकूड आकसले तरी तो ढिला होत नाही. खिळा या कामी चालत नाही. तो गंजतो, गंजताना भोवतालचे लाकूड खातो आणि दुरुस्तीच्या वेळी निघता निघत नाही. खुंटी ठोकून बाहेर काढता येते. पडवी पुढील पिढीला उलगडून दुरुस्त करता यावी असे वाटत असेल तर आज खुंटीच वापरली पाहिजे.

तुळई उभी ठेवावी की आडवी, यावरही वाद होतात. ४ बाय ८ इंचाची तुळई ८ इंच उंचीवर उभी ठेवली तर आडव्यापेक्षा दुप्पट ओझे पेलते आणि चौपट कमी झुकते. लाकूड तेच आणि खर्चही तोच राहतो. पडवीचे छप्पर, वळचण धरून, ५०० चौरस फुटांच्या आसपास भरेल. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे मंगलोरी कौले लागतात आणि एक कौल अडीच किलोच्या सुमारास भरते. म्हणजे कोरड्या कौलांचेच ओझे पावणेएकोणीस क्विंटल. पावसात भिजलेली कौले त्याहून जड. शिवाय वाऱ्याचा रेटा आडवा येतो. त्यासाठी खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरके टेकू अवश्य द्यावेत. चौकोन ढकलला की कलतो. त्रिकोण कलत नाही.

पाचवी जागा पाण्याची. ती जुन्या पडवीने शिकविलीच आहे. नव्या पडवीचे जोते दोन फूट उंच असावे. तळखडा कोब्याच्या वर किमान चार बोटे दिसावा आणि तो मध्ये किंचित उंच, कडांना उतरता असावा, म्हणजे त्यावर पाणी थांबणार नाही. वळचण अडीच फूट बाहेर यावी. खांबांचे पाय आणि तुळयांची टोके यांना काजूच्या टरफलांचे तेल द्यावे. कोकणात होड्यांना ते पूर्वापार लावतात; मात्र ते कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालूनच लावावे. वाशांत जेथे फिके लाकूड टाळता येत नाही तेथे बोरॅक्स व बोरिक ॲसिड यांचे पाणी द्यावे. ते पावसाने धुपून जाते, म्हणून छपराखालच्या लाकडालाच द्यावे. आणि या स्मरणिकेत एक ओळ ठळक छापून ठेवावी, की पुढे जेव्हा कधी जमीन नव्याने करण्यात येईल तेव्हा कोबा खांबाला भिडवू नये.

नॉर्वे देशात लाकडी प्रार्थनामंदिरे आहेत. आरंभीच्या काळात त्यांचे खांब जमिनीत पुरत आणि ते कुजून जात. पुढे दगडावर आडवे लाकूड ठेवून त्यावर खांब उभे करण्याची रीत आली. त्या रीतीने बाराव्या शतकात बांधलेले ऊर्नेस येथील मंदिर बर्फापावसाच्या देशात आजही उभे आहे. जमिनीपासून वीतभर उचलल्याने लाकडाचे आयुष्य किती वाढते, याचा याहून मोठा पुरावा नको.

या पाच जागा सांभाळल्या तर माऊलीचे झाड वाया जाणार नाही. परंतु सहावी एक जागा आहे आणि ती पडवीत नाही. या पडवीला किंवा सभामंडपाला पुन्हा खांब बदलण्याची वेळ आज ना उद्या येईलच. त्या वेळी गावात खांबाजोगा फणस असेल काय? फणस सात-आठ वर्षांत फळाला येतो, पण खांब होईल इतका गाभा भरण्यास चाळीस-पन्नास वर्षे लागतात. म्हणजे त्या जीर्णोद्धाराचे लाकूड आज मातीत पडले पाहिजे. आज जो खांब मिळतो आहे तोसुद्धा कोणा सासऱ्याने सुनेच्या गृहप्रवेशाच्या वर्षी लावला म्हणूनच मिळतो आहे.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. इ.स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट आज्ञा आहे. आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे बहुत काळ जतन करून वाढविलेली असतात, असा तिचा आशय. एखादे झाड फार जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, त्याला द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जबरदस्ती सर्वथा करू नये. राज्याच्या आरमाराला जे बंधन होते ते देवळाच्या कमिटीलाही असले पाहिजे. कोणाच्या दारी जाऊन, देवाचे नाव पुढे करून, नको म्हणणाऱ्याला झाड देण्यास भाग पाडले जाऊ नये. देवराईचे लाकूड तर कौल घेतल्याखेरीज आणि केवळ देवकार्यासाठीच, ही आपल्याकडील जुनी शिस्त आहे. या वेळी देवराईला हात न लावता काम होत आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

जपानमध्ये इसे येथील प्राचीन देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधले जाते. सातव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही प्रथा, मध्ये युद्धांच्या काळात खंड पडूनही, टिकून आहे. मागचे बांधकाम २०१३ साली झाले, पुढचे २०३३ साली व्हावयाचे आहे. उतरविलेले चांगले लाकूड इतर देवस्थानांना दिले जाते. या बांधकामाला लागणाऱ्या हिनोकी वृक्षांसाठी त्या देवस्थानाने १९२३ साली आपल्या डोंगरावर २०० वर्षांचा हिशेब धरून लागवडीची योजना आखली. ती योजना आखणाऱ्यांपैकी कोणीही ते मोठे वृक्ष पाहणार नव्हता. त्या प्रथेत आणखी एक शहाणपण आहे. वीस वर्षांत एकदा काम निघत असल्याने थोरला सुतार शिकवितो आणि धाकटा हाताने शिकतो. येथेही पडवीच्या कामावर गावातली चार तरुण मुले सुतारांच्या हाताखाली रोज असली पाहिजेत. कुसू कसे काढतात हे स्मरणिका वाचून कळेल, पण ते पटाशी धरल्यावाचून येणार नाही.

म्हणून देणगीच्या वहीशेजारी एक दुसरी वही ठेवावी, अशी सूचना आहे. तिला झाडांची वही म्हणावे. जे झाड तुटेल त्याचे नाव, कोणाच्या परसातले, त्याचा घेर किती, त्याचा कोणता खांब किंवा कोणती तुळई झाली, हे तीत लिहावे. त्याखाली त्याच्या बदल्यात लावलेल्या पाच रोपांची जागा आणि पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात त्यांना पाणी घालणाऱ्या घराचे नाव लिहावे. रोप लावतानाचा फोटो सर्वच काढतात. चैत्र-वैशाखात कळशी कोणाची, हे ठरलेले असले तरच रोप जगते. मुंबईच्या मंडळींना पाणी घालणे शक्य नाही. त्यांनी कुंपणाचा खर्च उचलावा. दरवर्षी वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर ही वहीही वाचली जावी, आणि मेलेले रोप मेले असेच वाचले जावे.

माऊलीच्या फणसाचे लाकूड पालखीच्या खणातील दर्शनी दोन खांबांना वापरावे, असे सुतारांनी सुचविले आहे. त्या झाडाच्या आठळ्या तिने गेल्या हंगामात राखून ठेवल्या होत्या. त्यांची रोपे तिच्या पडवीत वाढत आहेत. झाडांच्या वहीतील पहिली पाच रोपे तीच असावीत.

श्रींच्या कार्याला हातभार लावणाऱ्या सर्व लहानथोरांचे कल्याण होवो आणि सुरू केलेले काम निर्विघ्नपणे तडीस जावो, हीच श्रीचरणी प्रार्थना.